चाकातला चीक

प्रिय अभिमन,

मी भागाबाई. पितांबरची आई, केसरची सासू. तू पितांबरचा मुलगा, म्हणजे मी तुझी कोण, ते तूच बोटं मोजून काढ. ओळख आधी करून दिलेली बरी, कारण ज्याला आखाजी, तुमच्या शहरातली अक्षय्य तृतीया, कधी येते हे आठवत नाही, त्याला आपल्याला आजी आहे हे तरी कुठून आठवणार? तुझा डबा पोचला बरं. वर 'रबराचा चीक' असं लिहिलंय म्हणे. आखाजीच्या आठ दिवस आधी पाठवतो म्हणाला होतास. आखाजी झाली, झाडांचे झोके उतरले, माहेरवाशिणी डोळे पुसत सासरी गेल्या, आणि मग तुझा डबा एसटीच्या टपावरून डुलत डुलत आला. तुझ्या लग्नातही हळद आधी आणि नवरदेव मागून पोचेल, एवढं नक्की.

वर 'प्रिय' लिहिलंय ते मंदाने घातलंय. मी म्हटलं होतं, नुसतं 'अभिमन' लिही, प्रिय आहे की नाही ते पत्र संपल्यावर ठरवू. तर म्हणते, आजी, पत्राची रीत असते. आणखी एक. मी सांगते आपल्या बोलीत आणि ही लिहिते पुस्तकात, त्यामुळे शब्द जरा इस्त्री केल्यासारखे वाटले तर दोष तुझ्या बहिणीचा. फोन का नाही केला म्हणशील. गावात एसटीडीचा डबा झालाय, पण तो नेमका गिरधरच्या सायकल दुकानाच्या भिंतीला भिंत लावून. मला जे सांगायचंय ते गिरधरबद्दलच आहे, आणि माझा आवाज तर तुला माहीत आहे, या गल्लीत खोकले तर त्या गल्लीत लोक पाणी आणतात. तू विसराळू आहेस म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये उठू नकोस.

ती आखाजीची शर्यत आठवते ना? मारुतीच्या पारापासून निघायचं, नाल्यातून पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या देवीला शिवून परत. तू ती जाड टायरची गियरची सायकल शिरपूरहून आणलेलीस, आणि कोणी जवळ आलं तरी तिला फडक्याने पुसायचास. सगळ्यांच्या पुढे होतास. नाल्याजवळ फुसकन हवा गेली, आणि गिरधरचा पुतण्या निंबा वाजतगाजत पहिला आला. तू सायकल खांद्यावर घेऊन आलास तेव्हा गिरधर पारावर बसलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय करशीन भाऊ, तुमना घरमा हवाच टिकत नही." लोक हसले. पाराच्या खाली मी उभी होते. अभिमन, ते सायकलबद्दल बोललं नव्हतं. जिनिंग गिरणीत राबून तुझ्या बापाची छाती कापसाने भरली होती, शेवटचे दिवस तो ओट्यावर बसून एकेक घोट हवा ओढायचा, आणि त्या ओट्यासमोरून गिरधर रोज दुकानाला जायचा. त्याला ठाऊक होतं तो काय बोलतोय. तुलाही कळलं. दुसऱ्या दिवशी तू सुरतेची गाडी धरलीस. आणि गावाने आपल्या घराला नाव पाडलं, 'फुसके'. केसर विहिरीवर गेली की बाया दोर ओढता ओढता तोंडाने आवाज काढायच्या. तुझ्या आईने कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. माझ्या पोटात मात्र त्या दिवसापासून एक चूल पेटलेली आहे, आणि मी तिला रोज थोडं थोडं सरपण घालत आले.

तू गेल्यावर मी तुझ्या टायरमधला काटा चिमट्याने काढला. मला अक्षर वाचता येत नाही, पण काटा ओळखता येतो. त्या वाटेवर बाभळीखेरीज काही नाही. बाभळीचा काटा पांढरट, जोडीने येतो. हा हिरवा, एकटा, सुईसारखा टणक. हिंगणाचा. आपल्या शिवारात हिंगणाचं कुंपण एकाच्याच मळ्याला आहे, आणि त्या मळ्याचा मालक पारावर बसून हवेबद्दल बोलत होता. पण काट्याला साक्षीदार नसतो. म्हातारीने बोंब मारली असती तर आणखी एक नाव पडलं असतं. म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले की काय होतं, ते तुझ्या आजोबांना माहीत होतं.

तुझी सायकल धान्याच्या कोठीमागे उलटी टांगलेली होती. मंदा शिरपूरला मास्तरकीचं शिकायला जायला लागली तेव्हा तिने ती खाली काढली. पण आपला रस्ता! एक दिवसाआड पंक्चर. आणि पंक्चर काढायला जायचं कोणाकडे? गिरधरकडेच. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे मोजायचा आणि हिला विचारायचा, "भाऊ काय म्हणतो सुरतमा? हवा भरस का काढस?" मंदा म्हणते हे लिहायचं नाही. मी म्हणते, लिही. मग तिने तुला पत्र टाकलं, की यंदा शर्यतीत मी उतरणार आहे, काट्यांचं काय करू? आणि तू, देव तुझं भलं करो, उत्तर धाडलंस. तुमच्या फुग्यांच्या कारखान्यात कोणीतरी परदेशातलं सायकलीचं मासिक आणलं होतं, त्यात ट्यूबच नसलेल्या टायरची गोष्ट होती. ट्यूबच नाही तर पंक्चर कशाला होईल? मला हे फार आवडलं. मी म्हटलं, हा तर सासूच नसलेल्या घरासारखा प्रकार झाला. यावर केसर हसली. मी पाहिलं.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं, आणि विकत जवळपास काही आणलं नाही. मागच्या आळीतल्या आधारच्या पोरांची लहान सायकल भंगारात पडली होती, तिची ट्यूब मागून आणली. मंदाने ती ब्लेडने बाहेरच्या अंगाने गोल चिरली आणि आपल्या रिंगवर ताणून बसवली, तिचा व्हॉल्व्ह रिंगच्या भोकात. पसरली तशी ती रिंगेवर चोळी बसावी तशी बसली आणि आऱ्यांची सगळी भोकं झाकली गेली. वरून टायर. दोन्ही बाजूंनी ट्यूबचे पदर बाहेर लोंबत होते, ते नंतर कापायचे. टायरच्या काठाला साबण लाव म्हणाला होतास. साबण कशाला, मी रिठे भिजवून फेस काढून दिला. पण पायपंपाने हवा भरेना. एकीकडून भरावी तर दुसरीकडून सगळी बाहेर. शेवटी मंदा दोन्ही चाकं घेऊन हायवेवर ट्रकच्या टायरवाल्याकडे गेली. त्याने मोठ्या मशीनची हवा एकदम सोडली तेव्हा असा आवाज झाला म्हणे, की बाजूच्या हॉटेलातला माणूस शेवभाजी सोडून उभा राहिला. टायर रिंगेवर चढून बसला. तो माणूस मंदाला म्हणाला, बाई, आत चीक असल्याशिवाय हे दोन दिवस टिकणार नाही.

आता ऐक. इथे तुझ्या विसरभोळेपणाने आमच्या घरात काय केलं ते. मंदा घरी आली, तोंड पाडून बसली. "आजी, चीक लागतो आत. दादाने पाठवला नाही. चीक आला नाही तर सगळं फुकट." मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. चैत्राचा शेवट. घरात कुरडयांचे गहू तीन दिवस भिजून, दळून, गाळून, दोन पातेली भरून पांढराशुभ्र चीक ठेवलेला. मी म्हटलं, अगं खुळे, चीक काय सुरतेहून येतो? तुझ्या आईने हा पातेलीभर केलाय तो काय आहे? मंदाने समजावायचा प्रयत्न केला, की आजी तो झाडाचा चीक, हा गव्हाचा चीक. मी म्हटलं, चीक तो चीक. जो वाळला की दगडासारखा होतो, जो परातीला चिकटला की केसर दोन दिवस नखाने खरवडते, तो एवढ्याशा काट्याचं भोक बुजवणार नाही? केसर म्हणाली, नुसता चीक पातळ राहील, थोडा चोथाही घाला. तुझी आई कधी बोलत नाही, पण बोलते तेव्हा असं. मंदाने टायरचा एक काठ सोडवला, आम्ही दोघी सासूसुनांनी वाटीने आत चीक आणि चोथा ओतला, आणि पोर पुन्हा हायवेवर. यंदा कुरडया जरा कमी झाल्या. कोणी विचारलं तर उंदरांनी खाल्ल्या म्हणून सांगायचं ठरलं.

चीक उन्हात आंबतो हे मी विसरले नव्हते. पण टायरमध्ये आंबला तर काय होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सायकलीला वास यायला लागला. मंदा शिरपूरहून यायची तर मागे दोन कुत्री. टायर हाताला असा टणक की जात्याचा दगड. एकदा तिने हवा थोडी सोडायला व्हॉल्व्ह सैल केला, तो नेमका खालच्या बाजूला होता, आणि आंबटढाण पिचकारी तिच्या ओढणीवर. तेव्हापासून व्हॉल्व्ह वर घेऊनच ती हात लावायची. हे मी नीट ध्यानात ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला सगळंच आठवत नाही, कामाचं तेवढं आठवतं.

नाव द्यायला मी स्वतः गेले. शर्यत दरवर्षी रतिलालनाना भरवतात, तेच देवीच्या देवळाचेही मुखत्यार. म्हणाले, "अक्का, पोरगी? शर्यत तर पोऱ्यासनी शे." मी म्हटलं, नाना, सायकल तो की ती? म्हणाले, ती. मग म्हटलं, ती वर ती बसली तर तुमचं काय बिघडलं? उलट आजवर ती वर तो बसत होता तेच वाईट दिसत होतं. पारावरचे सगळे हसले. नानांनी नाव घातलं. गिरधर दुकानातून ओरडला, "फुसक्यासना घरनी शे, पंप संगे ठेवा!" मी मान हलवली. चुलीत सरपण पडलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी पुरणाचे मांडे खापरावर घातले आणि रस वाटीत तसाच ठेवून मी नाल्यावर जाऊन बसले. मला पारावर बसायचं नव्हतं. जे व्हायचं ते नाल्यावर होणार होतं. रतिलालनानाही तिथेच, छत्री धरून. आणि गिरधर? तो पाण्याची बादली, पंप, चिकटपट्ट्या घेऊन आधीच हजर, 'गावच्या पोरांच्या सेवेला'. असा सेवेकरी मी जन्मात पाहिला नाही, जो कुठे पंक्चर होणार हे आधी ओळखून तिथे दुकान मांडतो. सायकली आल्या. एकाची हवा गेली, दुसऱ्याची गेली, तिसरा पडला. निंबा मात्र डाव्या काठाने, अगदी पाणंदीच्या कडेकडेने, देवासारखा निघून आला. त्याच्या मागे मंदा, मध्यातून. तिला कडेचं काय ठाऊक? मी पाहिलं, पुढच्या चाकात हिरवा काटा उभा रुतला. सूंऽऽ झालं. माझा श्वास तिथेच अडकला, अभिमन, तुझ्या बापासारखा. मंदा थांबली, काटा उपटला. भोकातून पांढरं निघालं, बुडबुडलं, आणि मंदाने चाक एक वेढा फिरवलं तर थांबलं! नुसतं पांढरं टिकलीसारखं राहिलं. ती बसली आणि पायडल मारलं.

निंबा पुढे होता. पण काटा घेऊनही पोरगी मागून येते हे पाहून त्याची मान मागे वळली ती पुढे वळेना. काकाने सांगितलेली कड सुटली, चाक मध्ये आलं, आणि दोन्ही टायर एकदम खलास. आता तोंड मिटून राहायचं ना? पण पोर भोळं आहे, काकावर गेलं नाही. नाल्यात उभं राहून, सगळ्यांसमोर, रतिलालनानांच्या छत्रीपुढे ओरडलं, "काका, तुम्ही आठेबी काटा टाकात का?"

'इथेही' म्हणजे आणखी कुठेतरी टाकलेच होते, हे नाल्यावरच्या सगळ्यांना कळलं. नानांनी छत्री मिटली. मी उठलेही नाही. इतकी वर्षं ज्या साक्षीदाराची वाट पाहिली तो गिरधरच्याच घरातून निघाला, मग मी कशाला उठू?

मंदा देवीला शिवून परत पारावर पहिली आली. तिच्या मागे कोणी नव्हतंच, दोन कुत्री सोडून. पण गिरधर गप्प बसणारा नव्हे. आपल्यावरचं बोट दुसरीकडे वळवायला तो पारावर आला आणि म्हणाला, या टायरात लबाडी आहे, चिंध्या भरल्यात, हवेवर चालणारी सायकल अशी नसते, उघडून दाखवा. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उघडू दे. कारागीर माणूस आहे, त्याचाच हात लागू दे. गिरधर चाकासमोर उकिडवा बसला आणि व्हॉल्व्हची चकती फिरवायला लागला. व्हॉल्व्ह वर होता. वर असताना फक्त हवा जाते. मी पुढे झाले आणि इतक्या गोड आवाजात बोलले की मंदाच घाबरली. म्हटलं, गिरधरभाऊ, खाली बसलाच आहेस तर व्हॉल्व्हही खाली घे म्हणजे आतलं नीट दिसेल. आणि तोंड जरा जवळ ने, म्हणजे चिंध्या दिसतील.

त्याने व्हॉल्व्ह खाली घेतला. तोंड जवळ नेलं.

पुढचं मंदाला लिहवत नाही, तिच्या हातातून पेन दोनदा पडलं. एवढंच सांगते, आंबलेला चीक त्याच्या डोळ्यांत, नाकात, मिशांत, आखाजीच्या नव्या सदऱ्यावर, आणि चोथा कानात. वैशाखाचं ऊन. तो पाणी शोधत विहिरीपर्यंत पोचेस्तोवर मिशा वाळून ताठ झाल्या, एकेक केस कुरडईसारखा कडक. मी त्याला डोळे धुवायला माझ्याच हाताने पाणी ओतून दिलं. माणुसकी म्हणून. आणि जवळून बघायला मिळावं म्हणूनही. ओतता ओतता हळूच म्हटलं, भाऊ, आमनी हवा कशी शे?

आता त्याचं नाव गावात 'कुरडई' आहे. पोरं दुकानापुढून जाताना विचारतात, "काका, कुरडया वाळन्यात का?" बायका त्याच्या बायकोला विचारतात, यंदा चीक कसा झाला? 'फुसके' हे नाव कोणी घेत नाही. विहिरीवर केसर गेली तर बायांनी तिला दोर आधी दिला. ती घरी येऊन खूप वेळ तुझ्या बापाच्या फोटोला पदराने पुसत राहिली, काचेवर धूळ नसताना. मला वाटलं होतं, आता पोटातली चूल विझेल. मांडे खाल्ले, रस प्याले, पण चूल काही विझेना. मग कळलं, तिच्यात एक लाकूड गिरधरचं होतं, आणि दुसरं, मोठं, ओलं, धुरकट, ते तुझं होतं. काटा त्याने टाकला. बोल त्याने लावला. पण घर सोडून जा असं तुला कोण म्हणालं? एका माणसाच्या एका वाक्याने तू इतक्या आखाज्या तिकडे काढल्यास, आणि त्याच वाक्यासमोर आम्ही तिघी बाया रोज सकाळी दार उघडून उभ्या राहिलो. गिरधरचा सूड घेतला. आता तुझी पाळी.

तर ऐक, मी काय केलंय. आपल्या नाल्यावर आपल्याच शर्यतीत काटे पडले याची रतिलालनानांना लाज वाटली. गिरधरच्या दुकानासमोर त्यांची पत्र्याची शेड रिकामी होती, ती त्यांनी मला दिली. शिरपूरहून पेंटर बोलावून पाटी केलीय, निळ्यावर पिवळी अक्षरं. मला वाचता येत नाही, पण मंदाने बोट ठेवून दाखवलं: वर तुझं नाव, खाली 'इथे हवा टिकते'. पाटी टांगून झाली, कुलूप लावून झालं. सगळ्या गावाला मी सांगितलंय की मालक सुरतेहून नवी विद्या शिकून येतोय. गिरधर रोज सकाळी आपलं दुकान उघडतो, त्या कुलपाकडे बघतो आणि मला विचारतो, "अक्का, मालक कधय येस?" त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात आता पुन्हा जरासं हसू यायला लागलंय. ते हसू मोठं व्हायच्या आत तू त्या कुलपात किल्ली घातलीस तर ठीक. नाही घातलीस तर गाव म्हणेल की त्या घराची हवा खरंच सुरतेला गेली, आणि ते या वेळी गिरधरने नाही, तू म्हणवलेलं असेल. मी तुला बोलावत नाही. मी तुला अडकवलंय, म्हणून हे पत्र. किल्ली माझ्या कमरेला आहे, आणि माझी कंबर आता फार दिवस किल्ल्यांचं वजन पेलायची नाही.

येताना रिकाम्या हाताने ये, पण आधी सुरतेच्या नानखटाईचे दोन डबे शिरपूरच्या गाडीने पुढे पाठव. एक आपल्या घरी, जरा मऊ बघून घे, माझे दात कुठे आहेत ते तुला आठवत नसेल. दुसरा सरळ गिरधरच्या दुकानावर. त्याच्या डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव चांगलं ठसठशीत लिही. तो शिकलेला आहे, त्याला वाचता येतं.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा, शाईचे डाग मंदाचे)